ओठांचा हक्क : रुमाच्या विहिरीपासून चवदार तळ्यापर्यंत

सद्भावना परिषदांना मला अधूनमधून बोलावणे येते. मंचावर चार धर्मांचे चार वक्ते असतात. प्रत्येक जण आपापल्या ग्रंथातून करुणा, समता, बंधुता यांची वचने काढून दाखवतो, टाळ्या पडतात, राष्ट्रगीत होते आणि मग जेवणाची पंगत बसते. सर्व धर्मांत मानवी मूल्ये सारखीच आहेत, हे एव्हाना आम्हा सगळ्यांना पाठ झाले आहे. त्यात मला खोटे काही वाटत नाही. पण इतिहास वाचणाऱ्या माणसाला एक प्रश्न छळतो. मूल्ये सगळ्यांजवळ सारखीच होती, तर समाज इतक्या वेळा मोडले का? आणि जे टिकले ते वचनांच्या बळावर टिकले, की आणखी कशाच्या?

या प्रश्नाचे उत्तर मी पाण्याजवळ शोधतो. एखादा समाज माणसाला काय समजतो, हे त्याच्या ग्रंथांपेक्षा त्याच्या विहिरीवर लवकर कळते. ग्रंथाचा अर्थ लावता येतो, पळवाट काढता येते. विहिरीवर मात्र दोनच गोष्टी होतात. पाणी मिळते किंवा मिळत नाही.

सुरुवात मदिनेपासून करतो, कारण ती माझ्या घरची गोष्ट आहे. इ.स. ६२२ मध्ये प्रेषित मुहम्मद (स.) आणि त्यांचे साथीदार मक्का सोडून मदिनेत आले. निर्वासितच होते ते. घरदार, व्यापार मागे राहिलेला. मदिनेत गोड्या पाण्याची वानवा होती आणि रुमा नावाची एक चांगली विहीर होती, पण तिचा मालक पाणी विकत असे. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याने काय करायचे? ही विहीर विकत घेऊन लोकांसाठी खुली कोण करील, असे प्रेषितांनी विचारले आणि हजरत उस्मान (रजि.) पुढे आले. परंपरेत ही कथा मोठी गमतीदार सांगितली जाते. मालक पूर्ण विहीर विकायला तयार नव्हता, म्हणून उस्मानांनी निम्मा हिस्सा घेतला. एक दिवस त्यांचा, एक दिवस मालकाचा. त्यांच्या दिवशी पाणी फुकट, त्यामुळे लोक दोन दिवसांचे पाणी एकदम भरून ठेवू लागले. मालकाच्या दिवशी विहिरीवर कोणी फिरकेना. शेवटी त्याने उरलेला हिस्साही विकून टाकला. किती दिरहम मोजले याबद्दल निरनिराळे आकडे सांगितले जातात, पण ती विहीर वक्फ झाली, म्हणजे सर्वांसाठी कायमची सोडली गेली, यावर एकमत आहे.

मला या कथेत उस्मानांच्या दानशूरपणापेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. प्रेषितांनी विहीरमालकाला उपदेश केला नाही. पाणी विकणे वाईट, तू चांगला माणूस हो, असे सांगून सोडून दिले नाही. त्यांनी व्यवस्था उभी केली. कोणीतरी खिशातून रक्कम मोजली, मालकाला त्याचे मोल मिळाले आणि विहीर एका माणसाच्या मर्जीतून बाहेर आली.

पाणी, चारा आणि अग्नी या तीन गोष्टींत लोक भागीदार आहेत, असे प्रेषितांचे सांगणे हदीसच्या ग्रंथांत आले आहे. पुढे इस्लामी कायद्याच्या पंडितांनी, ज्यांना फकीह म्हणतात, पाण्याच्या हक्काचा बारकाईने विचार केला. त्यांनी पाण्याचे दोन हक्क वेगळे काढले. शेताला पाणी देण्याचा एक हक्क. त्यात मालकी, पाळी, वाटणी हे सगळे येते. दुसरा हक्क पिण्याचा. त्याला त्यांनी नाव दिले हक्कुश-शफा. शफा म्हणजे ओठ. ओठांचा हक्क! विहीर खासगी असो, कालवा कोणाचा असो, तहानलेल्या माणसाचे आणि जनावराचे ओठ त्या पाण्याला लागलेच पाहिजेत. दुसरीकडे पाणी नसेल आणि मालक अडवत असेल, तर तहानलेल्याने जबरदस्तीने पाणी घ्यावे, इथपर्यंत काही फकीहांनी मजल मारली. एक गंमत अशी की, ज्या शब्दाने आज टीव्हीवर लोक दचकतात, त्या शरिया या अरबी शब्दाचा मूळ अर्थच पाणवठ्याकडे नेणारी वाट असा आहे.

ओठ म्हटल्यावर त्यात धर्म येत नाही, जात येत नाही. जनावराचे ओठही ओठच. तहानेने जीभ बाहेर काढलेल्या कुत्र्याला आपल्या पायातल्या जोड्याने विहिरीचे पाणी काढून पाजणाऱ्या एका बदनाम स्त्रीला अल्लाहने माफ केले, ही हदीस आम्ही लहानपणी ऐकली. आणि शाळेत, मराठीच्या तासाला, पैठणच्या एकनाथ महाराजांची गोष्ट ऐकली. काशीहून आणलेली गंगेची कावड रामेश्वराला वाहायची सोडून ती तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतणारे एकनाथ. दोन्ही गोष्टी मला एकाच आजीने सांगितल्यासारख्या वाटतात. एकीकडे कुत्रा, दुसरीकडे गाढव. ज्याला समाज हलके समजतो तोच प्राणी दोन्ही कथांत निवडलेला आहे.

आता सद्भावना परिषद असती तर मी इथेच थांबलो असतो आणि टाळ्या घेतल्या असत्या. पण इतिहास पुढे जातो.

ज्या उस्मानांनी विहीर घेऊन दिली, ते पुढे तिसरे खलिफा झाले. इ.स. ६५६ मध्ये बंडखोरांनी त्यांच्या घराला वेढा घातला आणि त्यांचे पाणी तोडले. बंडखोर मुसलमानच होते. रुमाची विहीर मी तुमच्यासाठी घेतली होती आणि आज मलाच तिचे पाणी मिळत नाही, अशा अर्थाचे त्यांचे बोल इतिहासकारांनी नोंदवले आहेत. त्यानंतर २४ वर्षांनी, इ.स. ६८० मध्ये, करबलाच्या मैदानात प्रेषितांचे नातू हजरत हुसैन यांच्या तळाचे पाणी तोडले गेले. फुरात नदी समोर वाहत होती. पाणी तोडणारे नमाजी होते, कुरआन वाचणारे होते, पाण्याबद्दलच्या हदीस त्यांना तुमच्याआमच्यापेक्षा जास्त माहीत असणार. मोहरममध्ये आपल्याकडे जी सबील लागते, रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही पाणी किंवा सरबत दिले जाते, तिचे मूळ या तहानेत आहे. आमच्याकडच्या कित्येक गावांत ताबुतांपुढे पाणी घालणाऱ्यांत आणि सबिलीवर पेले विसळणाऱ्यांत मुसलमानांइतकेच इतरही असतात. सबील हे मूल्याचे स्मारक आहे तसे ते मूल्य मोडल्याचेही स्मारक आहे, हे आपण सहसा बोलत नाही.

तेव्हा मूल्य माहीत असणे पुरेसे नाही, हे पहिल्या साठ वर्षांतच सिद्ध झाले होते.

आपल्या मुलखात येऊ. दख्खनमध्ये पाण्याची व्यवस्था उभी करणाऱ्यांत मलिक अंबर हे नाव फार मोठे आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यावर इथिओपियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, हातोहात विकला जात अहमदनगरच्या निजामशाहीत पोचलेला हा हबशी माणूस पुढे त्या राज्याचा कर्ता झाला. १६१० च्या सुमारास त्याने खडकी हे शहर वसवले. तेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. त्याच्या फौजेत आणि कारभारात मराठे सरदार होते. शहाजीराजे १६२४ च्या भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने लढले. खडकीतले मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा हे पुरे मालोजी, खेलोजी, परसोजी, विठोजी अशा मराठा सरदारांच्या नावांनी ओळखले जात.

या शहरासाठी अंबरने नहर खणली. शहराच्या उत्तरेला डोंगर आहेत. तिथे जमिनीत मुरलेले पाणी भुयारी मार्गाने गोळा करायचे, हलक्या उताराने शहरापर्यंत आणायचे, वाटेत ठरावीक अंतरावर उघडी तोंडे ठेवायची म्हणजे हवा खेळते आणि आत उतरून गाळ काढता येतो, आणि शेवटी खापरी नळांनी वस्त्यांतल्या हौदांत सोडायचे. पंप नाही, मोट नाही, फक्त उतार. पुढच्या काळात आणखी नहरी झाल्या. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की अशाच एका नहरीच्या पाण्यावर फिरत असे आणि दर्ग्यात येणाऱ्यांसाठी दळण होत असे. काही नहरी विसाव्या शतकापर्यंत वाहत्या होत्या. तीनशे वर्षे टिकणारी गोष्ट बांधणाऱ्याच्या हुशारीवर टिकत नाही. दरवर्षी कोणीतरी त्या तोंडातून खाली उतरले, गाळाच्या पाट्या वर दिल्या, फुटलेले खापर बदलले, म्हणून ती टिकली. त्या माणसांची नावे कोणत्याही तवारिखेत नाहीत. शाश्वत विकास हा शब्द मी ऐकतो तेव्हा मला तो गाळ काढणारा आठवतो.

पण नहर पाणी वस्तीपर्यंत आणते. हौदाच्या काठावर कोण उभे राहील, हे ती ठरवत नाही. ते माणसे ठरवतात. आपल्या देशात ते जातीने ठरवले.

म्हणून १८६८ साली पुण्यात जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, ही घटना मला एखाद्या साम्राज्याच्या स्थापनेइतकी मोठी वाटते. फुल्यांच्या हाती सत्ता नव्हती. त्यांच्या हाती एक हौद होता. तो त्यांनी उघडला आणि त्याची किंमत नातेवाईक, शेजारी आणि जातभाई यांच्या रोषात मोजली. रुमाची विहीर पैशाने सुटली होती. हा हौद पैशाने सुटण्यासारखा नव्हता.

यानंतर ५५ वर्षांनी हा प्रश्न कायदेमंडळात आला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी आपले चवदार तळे सर्वांना खुले असल्याचे जाहीर केले. नगराध्यक्ष सुरबानाना टिपणीस पुढाकार घेणाऱ्यांत होते. कागदावर काम संपले होते. तळ्यावर मात्र तीन वर्षे एकाही अस्पृश्याने पाऊल ठेवले नाही. ठेवता येईल अशी परिस्थितीच नव्हती.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडमध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे तरुण कार्यकर्ते कोकणातल्या गावोगाव फिरले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. या परिषदेच्या हकिगतीत एक बारीक नोंद आहे, ती वाचून मी नेहमी थबकतो. परिषदेला आलेल्या लोकांसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. भर गावात तळे होते, ते खुले असल्याचा नगरपालिकेचा ठराव होता आणि स्वागत समिती एका दिवसाचे पाणी विकत घेत होती. १९२७ चे ४० रुपये! मदिनेच्या रुमाचा मालक निदान पैसे दिले तर पाणी तरी कोणालाही भरू देत होता.

दुसऱ्या दिवशी समारोपाच्या वेळी अनंतराव चित्रे यांनी सुचवले की, आता सगळ्यांनी मिळून तळ्यावर जावे. लोक रांगेने निघाले. बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतले. पाठोपाठ इतरांनी घेतले. पुढचे आपण सगळे जाणतो. हे लोक आता वीरेश्वराच्या मंदिरात घुसणार, अशी हूल उठली. परतीच्या तयारीत असलेल्या, जेवत असलेल्या माणसांवर लाठ्या घेऊन जमाव तुटून पडला. अन्न मातीत गेले. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना उलट हात उचलू दिला नाही. त्यांच्यातले कित्येक जण महायुद्धात लढलेले निवृत्त सैनिक होते, हे लक्षात घेतले की त्या संयमाचे वजन कळते. सैरावैरा झालेल्यांपैकी काही जणांना महाडमधल्या मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला.

नंतर तळे पंचगव्याने शुद्ध करण्यात आले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला जुना ठराव मागे घेतला. बोले ठरावाला त्याच दिवशी बरोबर चार वर्षे होत होती.

सत्याग्रहासाठी डिसेंबरमध्ये पुन्हा महाडला जमायचे ठरले. या वेळी मंडप घालायला गावात कोणी जागा देईना. जागा दिली ती फत्तेखान नावाच्या एका स्थानिक मुसलमानाने. तिथे २५ डिसेंबर १९२७ पासून परिषद भरली. तळ्यावर जाण्यास न्यायालयाची तात्पुरती मनाई आली होती, ती बाबासाहेबांनी पाळायला लावली. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. अध्यक्षीय भाषणात बाबासाहेबांनी १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेचा दाखला दिला आणि स्पष्ट केले की, या तळ्याचे पाणी प्यायलो म्हणून आपण अमर होणार नाही, इतके दिवस ते न पिता आपण मेलोही नाही. इतरांसारखी आपणही माणसे आहोत, हे सिद्ध करायला आपण जात आहोत.

फत्तेखानाचे नाव घेऊन आमचे काही वक्ते अलीकडे छाती फुगवतात. मीही त्या माणसाला सलाम करतो. पण त्याच्या आजूबाजूची गोष्टही सांगितली पाहिजे. चवदार तळे महाडच्या मुसलमानांना पूर्वीपासून खुले होते. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी त्याचे पाणी नेले. जनावरेही तिथे पाणी पीत. शेजारी उभे राहून आपल्यासारखाच एक माणूस रोज कोरडी घागर घेऊन परत जातो आहे, हे दिसत असणारच. ओठांच्या हक्काची संपूर्ण संहिता ज्या समाजाच्या कायद्यात आहे, त्या समाजाकडून १९२७ पूर्वी या तळ्यासाठी चळवळ उभी राहिली नाही. स्वतःला पाणी मिळत असले की दुसऱ्याच्या तहानेकडे पाहायची गरज उरत नाही, हा आजार कोणत्याही एका धर्माचा नाही.

आणि तो आमच्यातही किती खोल गेला होता, हे सात वर्षांनी दौलताबादला दिसले.

१९३४ सालची गोष्ट. बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसोबत वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत, तेव्हाच्या निजामाच्या राज्यात, दौलताबादचा किल्ला लागला. रमजानचा महिना होता. प्रवासाच्या धुळीने सगळे माखलेले. किल्ल्याच्या दाराशी पाण्याने भरलेला एक छोटा हौद होता. काही जणांनी तिथे हातपाय, तोंड धुतले आणि आत निघाले. एवढ्यात पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध मुसलमान ओरडत धावत आला. या अस्पृश्यांनी तळे बाटवले, अशी हाकाटी त्याने केली. बघता बघता गर्दी जमली. तुम्ही लोक माजलात, आपली पायरी विसरलात, अशी भाषा सुरू झाली. बाबासाहेबांनी समजावले की, आम्ही बाहेरगावचे आहोत, इथली रीत आम्हाला ठाऊक नाही. गर्दी ऐकेना. एक तरुण पुन्हा पुन्हा म्हणत होता की, प्रत्येकाने आपापल्या धर्माप्रमाणे वागले पाहिजे. तेव्हा बाबासाहेबांनी त्यांना विचारले की, तुमचा धर्म हेच शिकवतो का? हाच अस्पृश्य उद्या मुसलमान झाला, तर त्याला तुम्ही या पाण्यापासून रोखाल का? गर्दी गप्प झाली. शेवटी किल्ला पाहू देण्यात आला, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही, या अटीवर. अट पाळली जाते की नाही हे पाहायला एक हत्यारबंद शिपाई बरोबर दिला.

ही हकिगत बाबासाहेबांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहिली आहे. हिंदूला जो अस्पृश्य तो मुसलमानालाही अस्पृश्य, असा निष्कर्ष त्यांनी तिथे काढला आहे. आमच्या घराघरांत ही पाने वाचली जायला हवीत. फत्तेखान सांगायचा आणि दौलताबाद झाकायचे, असा इतिहास लिहून कोणाचे भले होणार?

जागाही पाहा कोणती. याच दौलताबादच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामी अधिकारी होते आणि त्यांच्या सेवेत कोवळे एकनाथ शिकले, तेच गाढवाला गंगा पाजणारे. तिथून थोड्याच कोसांवर अंबरची नहर. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या माणसाने शहराला पाणी दिले त्या मुलखात, रोजा धरलेली माणसे, म्हणजे दिवसभराची तहान स्वतःच्या घशात अनुभवणारी माणसे, दुसऱ्याने हौदात पाय धुतले म्हणून पेटून उठली होती. त्या तरुणाचा धर्म हा शब्द फार बोलका आहे. त्याला कुरआनातला धर्म अभिप्रेत नव्हता. गावात चालत आलेली उतरंड हाच त्याचा धर्म होता आणि त्या धर्मात तो त्याच्या हिंदू शेजाऱ्याचा सख्खा भाऊ होता. सामायिक मूल्ये म्हणतात ती चांगलीच असतात असे नाही. अस्पृश्यता हेही आपल्या समाजाचे सामायिक मूल्यच होते.

वर्षभरात, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि आमच्या पुढाऱ्यांची निमंत्रणे त्यांच्याकडे धावू लागली. धर्मात बोलावण्याची एवढी घाई होती, तर आधी हौदावर बोलावायला काय हरकत होती?

चवदार तळ्याचा खटला या काळात चालूच होता. महाडच्या न्यायालयातून ठाण्याला, ठाण्याहून मुंबईला. हे तळे अनादी काळापासून फक्त स्पृश्यांचे आहे, असा रिवाजाचा दावा होता. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला, कारण असा अनादी रिवाज सिद्ध होत नव्हता. ओंजळभर पाण्यानंतर दहा वर्षांनी निकाल आला. आणखी बारा वर्षांनी, २६ नोव्हेंबर १९४९ रोजी, संविधान स्वीकारले गेले. त्याच्या पंधराव्या अनुच्छेदाचे दुसरे कलम काढून वाचा. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते अशी तिथे यादीच आहे. जगातल्या संविधानांत स्वातंत्र्य, समता असे मोठे शब्द असतात. आपल्या संविधानाने त्यांच्याबरोबर विहीर हा शब्दही लिहिला. बोले ठरावाची भाषा आणि महाडचा अनुभव त्यात उतरला आहे. नैतिक वचनाची अंमलबजावणी करता येत नाही, यादीची करता येते.

मात्र त्या यादीला एक मर्यादा आहे. ती सरकारी पैशाने चाललेल्या किंवा सर्वांसाठी सोडलेल्या पाण्याला लागू होते. आज महाराष्ट्रातले पाणी उघड्या विहिरीत आणि तळ्यात फारसे उरलेलेच नाही. ते शंभर शंभर फूट, पाचशे फूट खाली गेले आहे. १८८२ चा इंग्रजांचा सुविधाधिकार कायदा सांगतो की, जमीन ज्याची त्याच्या हद्दीत खाली सापडलेले पाणी उपसण्याचा हक्क त्याचा. म्हणजे ज्याच्याकडे जमीन आणि बोअर मारायला पैसा, त्याच्याकडे पाणी. ज्याला जमीनच नाही, आणि दलितांत व गरीब मुसलमानांत असे किती तरी आहेत, त्याच्या ओठांचे काय? राज्याने २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना आळा घालायचे ठरवले. गावागावांत फिरणाऱ्या बोअरच्या गाड्या पाहिल्या की त्या आकड्याला किती किंमत आहे ते कळते. तहानेचा पहिला क्रमांक मात्र सगळ्या सरकारी धोरणांत शाबूत आहे. भांडण असते ते दुसऱ्या क्रमांकासाठी. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग होता आणि शेती त्यानंतर. पुढे ओरड झाल्यावर शेती दुसऱ्या क्रमांकावर आली. फकीहांनी पाण्याचे हे क्रम शेकडो वर्षांपूर्वी मांडून ठेवले होते. आधी माणसाचे ओठ, मग जनावराचे, मग शेत, मग उरलेले.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. एका डब्यात ५०,००० लिटर, पहिल्या गाडीला असे दहा डबे. त्या आधी शहरातल्या टाक्यांभोवती जमावबंदी लावायची वेळ आली होती. पाण्यावरून माणसे एकमेकांवर उठतील, ही भीती प्रशासनाला वाटली आणि ती अनाठायी नव्हती. त्या भीतीत जात, धर्म, मोहल्ला सगळे आले. पाऊस कमी होत गेला, पाणी खाली जात राहिले, तर सद्भावनेच्या परीक्षा दंगलीच्या वेळी होण्यापेक्षा टँकरच्या रांगेतच जास्त होतील, असे मला वाटते.

त्याच उन्हाळ्यात आमच्या भागात दोन चांगल्या चालणाऱ्या बोअर होत्या. एकीचे पाणी पहाटेपासून टँकरमध्ये जाई. दुसऱ्या बोअरचा मालकही टँकर भरत होता, तो काही संत नव्हता. पण त्याने कुंपणाबाहेर रस्त्याच्या कडेला एक तोटी आणि खाली जनावरांसाठी सिमेंटचे डोणे करून ठेवले होते. सकाळी तासभर तोटी सुरू, मगच टँकर. कोणत्या वस्तीची बाई घागर घेऊन आली आहे, हे तिथे कोणी विचारत नसे. त्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नावावरून धर्म कळतो आणि मग वाचणारा तेवढाच लक्षात ठेवतो. मे महिन्याच्या मध्यावर बोअरची धार बारीक झाली. त्याने टँकर बंद केले. तोटी तासाची अर्ध्या तासावर आली, घागरी दोनाच्या एकावर आल्या, आणि डोण्यात रोज सकाळी पाणी पडत राहिले.